गादीची झीज आणि कण्याची ताकद

‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’. पाठदुखीने बेजार झालेला माणूस दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा यांपैकी एखादे वाक्य त्याच्या सोबत घरी येते. हातातल्या मोठ्या पाकिटात एमआरआयच्या फिल्म असतात आणि बरोबरच्या कागदावर एल-४ एल-५, एल-५ एस-१ अशा पातळ्यांपुढे डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर दाब असे शब्द ओळीने छापलेले असतात. त्या दिवसापासून घरातले नियम बदलतात. वाकायचे नाही, बादली उचलायची नाही, मांडी घालून बसायचे नाही, दुचाकी चालवायची नाही. कमरेला पट्टा चढतो, कापसाची गादी जाऊन पलंगावर फळी येते. महिनाभरासाठी म्हणून घातलेली ही बंधने वर्षानुवर्षे टिकतात आणि माणूस आपली पाठ कायमची अधू झाली असे धरून चालतो. मणक्यांमधल्या गाद्यांची झीज आणि तिच्यावरची फिजिओथेरपी हा या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तकातली सगळी प्रकरणे एकाच म्हणण्यावर उभी आहेत, म्हणून ते म्हणणे प्रस्तावनेतच पुराव्यानिशी मांडलेले बरे. झिजलेली गादी पूर्ववत करणे फिजिओथेरपीच्या हाती नाही आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये. पाठीची भार पेलण्याची ताकद आणि त्या ताकदीवरचा विश्वास परत मिळवून देणे हे तिचे काम आहे. उपचार लागू पडला का, हे पुन्हा फिल्म काढून कळत नाही. जे करणे सुटले होते ते माणूस करू लागला का, यावरून कळते.

मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यांच्या मधोमध अशा २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीचा गाभा मऊ आणि पाण्याने गच्च भरलेला असतो. त्याच्याभोवती कोलॅजनच्या तंतूंचे १५ ते २५ थर एकमेकांना तिरपे छेद देत घट्ट कडे करतात. वर आणि खाली कूर्चेच्या पातळ तबकड्या असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेली एवढी मोठी रचना दुसरी नाही. गाद्यांच्या पेशींना अन्न आणि प्राणवायू मिळतो तो शेजारच्या हाडातून, त्या तबकड्यांमधून झिरपत. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. एस. राजसेकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिरेतून विशिष्ट द्रव्य देऊन ओळीने एमआरआय काढले, तेव्हा ते द्रव्य गाभ्याच्या मध्यापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात असे दिसले. दिवसभर उभे राहिल्या-बसल्याने गादीतले पाणी थोडे थोडे बाहेर पडते, रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. म्हणूनच संध्याकाळी माणसाची उंची सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने कमी भरते. जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून तिच्यातला दाब चोवीस तास मोजला. पालथे पडल्यावर तो सुमारे ०.१ मेगापास्कल होता, उभे राहिल्यावर ०.५, आणि पाठीतून वाकून २० किलो वजन उचलताना २.३. रात्री झोपेत काहीही न करता तो ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढला, कारण गादी पाणी ओढून घेत होती. वय वाढते तशी पाणी धरून ठेवणारी द्रव्ये गाभ्यात कमी होतात, गादीची उंची घटते, कड्याच्या तंतूंत बारीक चिरा पडतात. एमआरआयवर गादी काळी दिसते ती यामुळे. ही प्रक्रिया म्हातारपणाची वाट पाहत नाही. विशीतच तिच्या खुणा दिसू लागतात.

आता मुख्य प्रश्न. ही झीज आणि दुखणे यांचे नाते किती घट्ट आहे? १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी फुटलेल्या गादीचा तुकडा नसेवर दाबून पायात कळ आणतो हे दाखवून दिले. तो शोध खरा होता आणि मोलाचा होता, पण त्याचा पगडा एवढा बसला की पुढची कित्येक दशके पाठीच्या बहुतेक दुखण्याचा दोष गादीच्या माथी मारला गेला. एमआरआय आल्यानंतर न दुखणाऱ्या पाठींच्या आत सहज डोकावता आले. १९९४ मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता, २७ टक्क्यांमध्ये ती बाहेर डोकावत होती, आणि सगळ्या गाद्या निर्दोष असलेले लोक अवघे ३६ टक्के निघाले. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० वेदनामुक्त माणसांची माहिती एकत्र केली. गादीच्या झिजेच्या खुणा विशीतल्या ३७ टक्के लोकांत होत्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. ज्यांची पाठ दुखत नाही अशा माणसांचे हे आकडे आहेत. पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टात ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ लिहून आले, तर त्यातून त्याचे वय कळते. त्याच्या दुखण्याचे कारण कळतेच असे नाही.

यावर लगेच आक्षेप येतो: मग दुखणे खोटे का? अजिबात नाही. गादीच्या कड्याच्या बाहेरच्या थरांत वेदनेचे मज्जातंतू असतात, झिजलेल्या गादीत ते आणखी आत शिरलेले आढळतात, तबकड्यांखालच्या हाडात सूज येऊ शकते, मागचे छोटे सांधे आणि स्नायूही ठणकतात. ज्यांची पाठ दुखते त्यांच्यात झिजेच्या खुणा काहीशा जास्त सापडतात हेही मान्य करायला हवे. पण नाते सैल आहे. तीच गादी तशीच काळी राहते आणि दुखणे मात्र येते-जाते. कर्कॅल्डी-विलिस यांनी मांडलेल्या झिजेच्या तीन टप्प्यांत शेवटचा टप्पा कणा ताठर होऊन पुन्हा स्थिरावण्याचा आहे; उतारवयात फिल्म सर्वांत वाईट दिसत असताना कंबरेचा त्रास अनेकदा तरुणपणापेक्षा कमी असतो. शिवाय दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले की मज्जासंस्थाच हळवी होते. झोप नीट नसणे, घरची किंवा कामाची चिंता आणि सर्वांत जास्त म्हणजे ‘हलले तर बिघडेल’ ही भीती दुखण्याला खतपाणी घालते. ग्लासगोचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॅडेल यांनी १९८७ मध्ये हाच मुद्दा लावून धरला की कंबरदुखीत नुसता कणा तपासून भागत नाही, तो कणा घेऊन जगणारा माणूसही तपासावा लागतो.

रिपोर्टातले शब्द स्वतःच इजा करू शकतात, हे नुसते मत राहिलेले नाही. राजसेकरन यांच्याच गटाने २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साध्या कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एमआरआयमधले प्रत्येक निरीक्षण समजावून सांगितले, दुसऱ्याला एवढेच सांगितले की वयोमानानुसार जे दिसायला हवे तेच दिसते आहे, काळजीचे काही नाही. काही आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातले लोक आपल्या पाठीविषयी अधिक निराश होते आणि त्यांच्या हालचालीही जास्त मंदावल्या होत्या. हे संशोधन आपल्या देशातले आहे आणि आपल्याकडचे रुग्ण ज्या तऱ्हेने रिपोर्ट वाचतात त्याला ते थेट लागू पडते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून दूरदर्शनवरून साधा संदेश दिला गेला: पाठ दुखली तरी हिंडते-फिरते राहा, कामावर जा. लोकांच्याच नव्हे, डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि पाठदुखीच्या भरपाईचे दावे घटले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये लोकांच्या समजुती होत्या तिथेच राहिल्या. आश्वासक शब्द हा उपचाराचा भाग आहे, आणि चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीतला बराच वेळ या समजावण्यावर घालवतो. रुग्णांना हे कधी कधी ‘नुसतेच बोलत बसले, काही केले नाही’ असे वाटते. त्या बोलण्यातच उपचाराचा पाया असतो, हे या पुस्तकाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण तो भीतीतून येतो. गादी आधीच झिजली आहे, मग व्यायामाने ती आणखी झिजणार नाही का? या शंकेमागे कणा म्हणजे यंत्राचा सुटा भाग अशी कल्पना असते: जितका वापराल तितका लवकर निकामी होईल. जिवंत ऊतक तसे वागत नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांवरच्या दीर्घ संशोधनात बॅटी, व्हिडेमन आणि सहकाऱ्यांनी आयुष्यभर वेगवेगळी कामे केलेल्या भावांचे कणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा होता की गाद्यांच्या झिजेतला फार मोठा फरक आनुवंशिकतेने आणि समान बालपणाने ठरतो. अंगमेहनतीचा वाटा त्यामानाने लहान आहे. २००२ मध्ये याच संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकसारख्या जुळ्यांच्या ४५ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांत एक भाऊ आयुष्यभर वाहन चालवण्याचा धंदा करत होता आणि दुसरा नव्हता. चालकाच्या गाद्या दुसऱ्या भावापेक्षा जास्त झिजलेल्या आढळल्या नाहीत. एसटीच्या किंवा ट्रकच्या चालकाची कंबर दुखत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. ती दुखते आणि त्याला कारणेही आहेत. पण ‘गाडीने माझे मणके घासून काढले’ हा समज मात्र टिकत नाही. २०१७ मध्ये बेलाव्ही आणि सहकाऱ्यांनी नियमित धावणारे आणि न धावणारे यांच्या गाद्यांची तुलना केली तेव्हा धावणाऱ्यांच्या गाद्यांत पाण्याचा अंश अधिक चांगला आढळला. हा एका वेळचा अभ्यास आहे, त्यावरून धावल्यानेच गादी सुधारली असे ठामपणे म्हणता येत नाही. पण चालण्या-धावण्याच्या लयबद्ध भाराने गादीचे नुकसान होते, या भीतीला त्यात कोणताच आधार मिळत नाही.

प्रश्न भार द्यायचा की नाही हा नाही. किती, कसा आणि कोणत्या वेगाने वाढवत न्यायचा हा आहे. फिजिओथेरपीचे कसब इथे दिसते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. कंबर दुखल्यापासून पाण्याची बादली उचलणे सोडलेली बाई समजा. तिला ‘बादली उचलू नका’ सांगणे सोपे आहे, पण घरात पाणी भरायचेच असते. ती भीत भीत, श्वास रोखून, अंग आखडून ते भरणारच. म्हणून आधी रिकाम्या हाताने नितंब मागे नेऊन खुब्यातून वाकायला शिकवले जाते. पाठीवर डोक्यापासून नितंबांपर्यंत एक काठी धरली आणि ती डोके, पाठ, नितंब या तीन ठिकाणी टेकलेली राहिली, म्हणजे हालचाल खुब्यातून होते आहे हे तिचे तिलाच कळते. ते जमले की हातात तांब्याभर पाणी, मग पाव बादली, मग अर्धी. प्रत्येक पायरीवर आठ-दहा वेळा, श्वास सोडत उचलायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुखणे किती हे पाहून पुढची पायरी ठरवायची. थोडे दुखले आणि दिवसभरात उतरले तर पुढे जायचे. दोन दिवस ठणकत राहिले तर एक पायरी मागे यायचे, थांबायचे मात्र नाही. काही आठवड्यांनी खुब्यातून वाकण्याचा हट्टही सोडायचा असतो, कारण खाली पडलेला चमचा उचलताना पाठ गोल झाली म्हणून काही बिघडत नाही हेही अंगाला कळायला हवे. बादली भरलेली झाली तेव्हा तिची गादी बदललेली नसते. खुब्याचे आणि पाठीचे स्नायू बदललेले असतात, आणि बादलीकडे पाहताच पाठ आखडण्याची सवय गेलेली असते.

विश्रांतीचा इतिहासही इथे सांगायला हवा, कारण आपल्याकडे ‘पूर्ण बेडरेस्ट’ अजूनही लिहून दिली जाते. १९८६ मध्ये डेयो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोन दिवस पडून राहणाऱ्यांपेक्षा सात दिवस पडून राहणाऱ्यांना काडीचा जास्त फायदा झाला नाही, कामाचे दिवस तेवढे बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. अचानक कंबर धरलेल्या या लोकांचे तीन गट होते: एकाला दोन दिवसांची विश्रांती, दुसऱ्याला पाठ हलवण्याचे ठरावीक व्यायाम, तिसऱ्याला एवढेच सांगितले की झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. व्यायाम करणारेही त्याच्या मागे पडले. फिजिओथेरपीच्या बाजूने बोलणाऱ्याने हा निष्कर्ष लपवू नये. उसण भरल्याच्या पहिल्या काही दिवसांत मुद्दाम व्यायाम लादण्याची गरज नसते. चालते राहणे, लागल्यास वेदनाशामक गोळी आणि धीर एवढ्यावर बहुतेकांचे भागते. पद्धतशीर व्यायामाचे खरे क्षेत्र दुखणे तीन महिन्यांपुढे रेंगाळले, पुन्हा पुन्हा उलटू लागले तेव्हाचे आहे.

आणि आता यंत्रांविषयी, जिथे मला स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत फिजिओथेरपी म्हणजे ‘मशीन लावून घेणे’ अशी समजूत रूढ झाली आहे. पडद्यामागच्या पलंगावर रुग्ण पालथा, कमरेवर आयएफटी या विद्युतप्रवाहाच्या यंत्राचे ओले पॅड, मग अल्ट्रासाउंडचा जेल, मग ट्रॅक्शनचा पट्टा, टायमर वाजला की पुढचा रुग्ण. दहा किंवा पंधरा सिटिंगचे पॅकेज. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णाला समजावून सांगणे, व्यायाम, मानसिक पातळीवरचे काही उपचार, मसाज, कण्यावरचे काही हस्तोपचार यांना त्यांत स्थान आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून दिला जाणारा सौम्य विद्युतप्रवाह) आणि कमरेचे पट्टे मात्र नियमित उपचार म्हणून देऊ नयेत असे म्हटले आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्येच जवळपास हेच सांगितले होते, आयएफटीचे नाव घेऊन. ‘पण मला मशीनने बरे वाटते’ हा अनुभव खोटा नसतो. उबेने स्नायू सैलावतात, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे याने जीव शांत होतो, आणि कंबरदुखी मुळातच चढ-उताराची असल्याने, असह्य झाल्यावर दवाखान्यात गेलेला माणूस काही दिवसांनी तसाही थोडा बरा असतो. यांतले काहीही पाठीची ताकद वाढवत नाही. शेकाने अंग मोकळे झाले आणि त्या मोकळेपणात रुग्णाने व्यायाम केला, तर शेकाला माझी ना नाही. पण पॅड काढून रुग्णाला सरळ घरी पाठवले तर हातातली संधी वाया गेली. आपल्याकडे या विद्येची सुरुवात अशी झाली नव्हती. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५०च्या दशकात तिचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले तेव्हा समोर पोलिओने लुळी पडलेली मुले होती, आणि काम होते उरलेल्या स्नायूंना शिकवून, बळ देऊन मुलाला उभे करण्याचे. फिजिओथेरपिस्टचे खरे हत्यार तेव्हाही त्याची नजर, हात आणि चिकाटी हेच होते.

व्यायामाचा परिणाम तरी किती, असे कोणी विचारले तर उत्तर प्रामाणिक असावे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात जुनाट कंबरदुखीवरचे २४९ प्रयोग एकत्र पाहिले गेले. काहीच उपचार न करणे किंवा नेहमीचे जुजबी उपचार यांच्या तुलनेत व्यायामाने दुखणे शंभराच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी झाले. दैनंदिन कामांतली सुधारणा त्याहून कमी होती. हे चमत्काराचे आकडे नाहीत. मात्र ही सरासरी आहे, तीत मन लावून सहा महिने व्यायाम केलेलेही येतात आणि दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलेलेही. शिवाय तुलना कशाशी करायची हेही पाहावे लागते. झिजलेल्या गादीचे दोन मणके सांधून टाकण्याची शस्त्रक्रिया हा मोठा पर्याय पुढे केला जातो. स्वीडनमधल्या २००१च्या अभ्यासात ती शस्त्रक्रिया सरस ठरली, पण तिथे दुसऱ्या गटाला त्यांचे नेहमीचेच विस्कळीत उपचार चालू होते. नॉर्वेत ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शस्त्रक्रियेसमोर भीती घालवणारे समुपदेशन आणि नीट आखलेला व्यायाम ठेवला, तेव्हा वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले दिसले. ब्रिटनमध्ये २००५ साली ३४९ रुग्णांवरच्या अभ्यासात शस्त्रक्रियेकडे झुकणारा फरक निघाला तो अगदी किरकोळ. त्या ब्रिटिश अभ्यासातला एक तपशील मला फार बोलका वाटतो: तिथल्या व्यायामाच्या गटाला बहुतेक केंद्रांत तीन आठवड्यांत सुमारे ७५ तासांचे पुनर्वसन मिळाले होते. आपल्याकडे ‘फिजिओथेरपी करून पाहिली, उपयोग झाला नाही, आता ऑपरेशनच’ असे म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात किती तास व्यायाम मिळाला होता हे कोणीतरी विचारायला हवे.

कोणता व्यायाम, यावर पंथ पुष्कळ आहेत. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५६ मध्ये पाहिले की पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत पालथा पडून राहिलेल्या एका रुग्णाची पायातली कळ ओसरली. त्यातून त्यांची तपासणीची पद्धत घडली. पायात उतरलेले दुखणे एखाद्या हालचालीने वर कमरेकडे सरकले तर ते शुभलक्षण, ही त्यांची खूण आजही कामाची आहे. कॅनडाचे स्टुअर्ट मॅगिल धडाला स्थिरता देणाऱ्या तीन साध्या व्यायामांवर भर देतात. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या योगाभ्यासाचा अमेरिकेत जुनाट कंबरदुखीवर प्रयोग झाला आणि २००९ मध्ये त्याचे अनुकूल निष्कर्ष आले. बॉस्टनमधल्या २०१७च्या अभ्यासात योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरला. योगाकडे ओढा असलेल्या मराठी वाचकाने म्हणूनच दोहोंत भांडण लावू नये. पद्धतींमधला फरक बारीक आहे. जो व्यायाम माणूस रोज करील आणि हळूहळू वाढवील तो त्याच्यासाठी चांगला.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे. ऊसतोडीच्या हंगामात दिवसभर कोयता चालवून, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणाऱ्या बाईला, किंवा कोकणात, गोव्यात भातलावणीला चिखलात कमरेतून वाकलेल्या शेतकऱ्याला व्यायाम कर म्हणून सांगायचे कोणत्या तोंडाने? त्यांना व्यायाम कमी का पडतो? भार त्यांना नक्कीच कमी पडत नाही. पण मजुरी आणि व्यायाम यांत मोठा फरक आहे. व्यायामात वजन झेपेल तसे वाढते, मध्ये विसावा असतो, हालचालींत पालट असतो आणि थांबणे आपल्या हाती असते. मजुरीत यांतले एकही नसते. मोळीचे वजन पाठ पाहून ठरत नाही आणि उचल घेतलेली असल्याने दुखले तरी थांबता येत नाही. अशा माणसाला फिजिओथेरपिस्टने शहरी तक्ता हातात देणे व्यर्थ आहे. तासा-दीड तासाने दोन मिनिटे उभे राहून पाठ मागे ताणणे, एकाच बाजूचे काम बदलत राहणे, हंगाम सुरू होण्याआधी काही आठवडे चढत्या वजनाने अंग तयार करणे, एवढे तरी तिथे शक्य असते. त्यापलीकडचे प्रश्न कामाचे तास, मजुरीचा दर आणि वजनाची मर्यादा यांचे आहेत. ते व्यायामाने सुटतील असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाठदुखीची जबाबदारी सगळी रुग्णाच्या आळसावर ढकलणारे लिखाण बाजारात पुष्कळ आहे. हे पुस्तक त्या वाटेला जात नाही.

शेवटी सावधगिरीच्या खुणा, ज्या पुढच्या प्रकरणांआधी प्रत्येकाने वाचाव्यात. एमआरआय निरुपयोगी आहे असे वर कुठेही म्हटलेले नाही. तो योग्य वेळी काढायचा असतो. जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पाऊल उचलेनासे झाले, पायाची ताकद दिवसागणिक घटू लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे आणि पडून राहिल्यानेही न थांबणारे दुखणे यांकडे आपल्या देशात विशेष लक्ष हवे, कारण मणक्याचा क्षयरोग इथे आजही आढळतो आणि वेळेत औषधे सुरू झाली तर तो बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, जोरात पडल्यानंतर दुखू लागले असेल, किंवा दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरीही आधी तपासणी, मग व्यायाम. यांतले काहीच नसेल, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते नसतेच, तर पहिल्या आठवड्यात रोज दोन वेळा दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी आणि दुसऱ्या प्रकरणातल्या हालचालींपैकी ज्या तीन सर्वांत सुसह्य वाटतील त्या निवडाव्यात. वहीत दुखण्याचा आकडा लिहू नये. आज काय केले ते लिहावे: किती चाललो, किती वेळ बसलो, काय उचलले. फिजिओथेरपिस्टकडे जाताना ती वही बरोबर न्यावी आणि त्याला विचारावे की घरी काय करायचे, ते केव्हा वाढवायचे, आणि किती भेटींनंतर मला तुमची गरज उरणार नाही. सहा ते आठ आठवड्यांत वहीतल्या नोंदी पुढे सरकल्या नाहीत तर त्याच्याबरोबर बसून आखणी बदलावी.